भार टाकून बघ

ओयेनच्या पेट्रोल पंपावर कॅरव्हॅनचं दार उघडलं आणि आधी वास आला. आंबूस, ओळखीचा, रविवार सकाळचा. मग फ्रिजच्या दाराखालून आलेला पांढरा ओघळ दिसला. दोन दिवसांपूर्वी वाटलेलं, छान फुगल्यावर फ्रिजमध्ये गपगार करून ठेवलेलं इडलीचं पीठ पुन्हा जागं झालं होतं. झाकण उचलून ते दह्याच्या पातेल्यावर, कोथिंबिरीच्या जुडीवर, मुलाच्या चॉकलेट मिल्कवर सावकाश पसरत चाललं होतं. बाहेर ४१ अंश. फ्रिजमधल्या थर्मामीटरवर १७.

फ्रिजच्या पट्टीवरचा हिरवा दिवा मात्र ठणठणीत लागलेला. १२ व्होल्ट, चालू.

"दिवा तर लागलाय," मी म्हणाले.

अप्पा मागे पायरीवर हात टेकून आत डोकावत होते. "दिवा लागायला काय लागतंय?" ते म्हणाले. "दिवा कसलाबी लागतो."

मेलबर्नला आल्यापासून त्यांनी कुठल्याही यंत्राबद्दल काढलेले हे पहिले उद्गार. तोवर डिशवॉशर, हीट पंप, स्वतः पार्क होणारी शेजाऱ्यांची गाडी, सगळ्यांकडे त्यांनी पाहुण्याच्या घरातल्या कपाटाकडे बघावं तसं बघितलं होतं. बघायचं, विचारायचं नाही. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एवढ्या लांब आले होते. तासगावात चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलेला माणूस. वय ७६. आणि आता, व्हिक्टोरियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या तापलेल्या पंपावर, पीठ सांडलेल्या फ्रिजसमोर त्यांच्या डोळ्यांत दुकानातली ती जुनी चमक परत आली. गिऱ्हाईक दारात आलं होतं.

आमची कॅरव्हॅन सतरा फुटी, सेकंडहँड. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, हिला इंजिन नसतं. पुढे गाडी लागते, आमच्याकडे यूट, म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप गाडी आहे, आणि ती हे घर ओढत नेते. घरात पलंग, शेगडी, सिंक, फ्रिज. कॅरव्हॅन पार्कमध्ये पोचलं की खांबाला वायर लावायची, २४० व्होल्ट मिळतात. रानात थांबलं तर गॅस. आणि रस्त्यावर असताना पुढच्या गाडीकडून १२ व्होल्ट घ्यायचे. फ्रिज एकच, पण त्याला तिन्ही जेवणं चालतात, म्हणून त्याला इथे थ्री-वे म्हणतात.

गॅसच्या ज्योतीवर पाणी गार होतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. मुलगा तर अजून मानत नाही. पण १९२२ साली स्टॉकहोममध्ये इंजिनिअरिंग शिकणाऱ्या दोन पोरांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, हे जमवलं आणि इलेक्ट्रोलक्सने १९२५ पासून ते बाजारात आणलं. यात कंप्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली आच दिली की पाण्यातून अमोनियाची वाफ सुटते, मागच्या जाळीत तिचा द्रव होतो, तो आत हायड्रोजनच्या संगतीत गेला की कमी दाबामुळे पुन्हा उडायला लागतो, आणि उडताना आजूबाजूची ऊब घेऊन जातो. मग पाणी त्या अमोनियाला परत पिऊन टाकतं आणि खाली आचेपाशी घेऊन येतं. मुलाला मी सांगितलं की हा माठच आहे, फक्त यातलं झिरपलेलं पाणी वाया न जाता पुन्हा माठात येतं. अप्पांना हे एकदम पटलं. मुलाला पटलं नाही, कारण त्याने माठ पाहिलेला नाही.

फ्रिजला १२ व्होल्टवर आच देते ती आत बसवलेली एक छोटी हीटरची कांडी. आमच्या फ्रिजला १७५ वॅट लागतात. घरच्या विजेवर ही काही मोठी भूक नव्हे, इस्त्रीला याच्या पाच-सहापट लागते. पण १२ व्होल्टवर १७५ वॅट म्हणजे जवळजवळ १५ अँपिअर, तेही अखंड. कंप्रेसरचा फ्रिज अधूनमधून श्वास घेतो, थांबतो. हा थांबत नाही. इंजिन बंद करून हा गाडीच्या बॅटरीवर लावून ठेवला तर दोन-तीन तासांत गाडी सुरू व्हायची मारामार. आमच्या एका मित्राने अरारातला असंच केलं होतं. जेवून आले तर फ्रिज गार आणि गाडीही गार.

तर हे सगळं मला ठाऊक होतं. निघण्याआधी चोवीस तास फ्रिज घरच्या विजेवर गार करायचा, १२ व्होल्टने फक्त गारवा टिकवायचा, नव्याने गार करायची अपेक्षा ठेवायची नाही, सामान गारच भरायचं, हेही पाळलं होतं. आजवर आम्ही फिरलो ते दोन-तीन तासांच्या टप्प्यात, एकदा ग्रॅम्पियन्स, एकदा फिलिप आयलंड. तेवढ्यात फ्रिज जुन्या गारव्यावर निभावून नेतो आणि आपल्याला वाटतं की गाडीची वीज काम करतेय. मेलबर्नहून मिल्डुरा मात्र साडेपाचशे किलोमीटर, जानेवारीत, मॅली नावाच्या कोरड्या पट्ट्याच्या भट्टीतून.

खरं तर संशय मला मागच्याच वर्षी आला होता. लोणी मऊ लागत होतं. एका मिस्त्रीला दाखवलं. त्याने फ्रिजची वायर सोडवली, टोकाला मल्टीमीटर लावला, १३.८ दाखवले, अंगठा वर केला, पैसे घेतले. मीही खूश. आकडा डोळ्यांनी बघितला होता ना.

ओयेनला बर्फाची पिशवी घेतली, पीठ पुसलं. तिथे व्हॅनिला स्लाइसची मोठी स्पर्धा भरत असे, म्हणून मुलाने ती मागितली आणि खाल्ली. अप्पांनी चहा मागितला, आणि कपबशी आली तर म्हणाले, त्यापेक्षा तुझ्या त्या स्टीलच्या पेल्यात ओत. मी ओतला. लक्षात काही आलं नाही.

पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये ते मला प्रश्न विचारत होते. बॅटरी कुठे? फ्रिज कुठे? मधे किती फूट? वायर कुठली टाकलीय? विचिप्रूफला भर बाजाररस्त्याच्या मधून रेल्वेचे रूळ जातात, ते बघून सकाळी ते लहान मुलासारखे हरखले होते. आता खिडकीबाहेर लक्षच नव्हतं. "चार एमएमची आहे," मी म्हणाले, टो बार, म्हणजे कॅरव्हॅन जोडायचा यूटमागचा दांडा, बसवणाऱ्याच्या पावतीत तसं लिहिलं होतं. अप्पा गप्प झाले. चारची वायर म्हणजे भारतात चांगली जाडजूड, घरात गीझरला टाकतात ती. "मग बसायला पायजे हुतं," ते स्वतःशीच म्हणाले.

मिल्डुऱ्यात मरे नदीकाठी कॅरव्हॅन पार्कला पोचलो. फ्रिजची भिंत दक्षिणेकडे करून कॅरव्हॅन लावली. इथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे फ्रिजच्या मागची जाळी उत्तरेला आली तर बाहेरची झळच आत. हे मी दरवेळी मुद्दाम आठवून करते, कारण माझ्या अंगातला सूर्य अजून तासगावचाच आहे, दक्षिणेकडे कलणारा. खांबाची वीज लावली. सकाळपर्यंत आतला पारा ५ वर. म्हणजे फ्रिज निरोगी. खोट होती ती वाटेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला यूटचा हेडलाइटचा जादा बल्ब काढायला लावला. ५५ वॅटचा. "मल्टीमीटर हाय की," मी म्हणाले.

"मल्टीमीटर म्हणजे दारातनं डोकावणारा पाव्हणा," अप्पा म्हणाले. "त्याला घरात सगळं भरलेलं दिसतंय. पाव्हणा जेवायला बसला की कळतं घरात काय हाय. आधी बल्ब जेवायला बसव."

इंजिन सुरू केलं, फ्रिजच्या मागे वायरच्या टोकाला बल्ब जोडला. पेटला, पण पिवळा. सकाळच्या उजेडातसुद्धा पिवळेपणा कळत होता. मग फ्रिज जोडला, १२ व्होल्टवर टाकला, आणि तो चालू असताना त्याच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरला. १०.१. गाडीच्या बॅटरीवर त्याच क्षणी १३.८.

वाटेत ३.७ व्होल्ट गेले. हीटरचं गणित निर्दय असतं, व्होल्टेज घटतं तशी त्याची ताकद त्याच्या वर्गाने घटते. १७५ वॅटच्या कांडीला १०.१ व्होल्टवर १२४ वॅटच मिळत होते. उरलेले ४५ एक वॅट वायरमध्ये, फ्यूजमध्ये, प्लगच्या काळवंडलेल्या पिनांत जात होते, म्हणजे मी साडेपाचशे किलोमीटर रस्ता तापवत आले होते. आणि या फ्रिजमध्ये वर्गाच्याही पुढची एक खोच आहे. अमोनियाचं पाणी वर चढवायला पंप नसतो, उकळताना उठणारे बुडबुडेच ते वर ढकलतात. आच थोडी कमी पडली तर बुडबुडे थोडे कमी होऊन भागत नाही, चढणंच अडतं. सत्तर टक्के आचेवर सत्तर टक्के गारवा मिळेल, असा हिशेब इथे नाही.

"मोटर असती तर कालच जळली असती," अप्पा म्हणाले, जरा हळहळूनच. "व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढती. तापती, वास येतो, जळती. माणूस दुकानात येतो. ह्यो हीटर हाय. ह्यो उपाशी ऱ्हातो आणि बोलत न्हाई."

अप्पांचं दुकान चाललं ते कमी व्होल्टेजवर. हे मला तेव्हा, त्या नदीकाठी, नीट समजलं. द्राक्षांचा भाग, प्रत्येकाच्या विहिरीवर मोटर. लाइनच्या सुरुवातीला असलेल्या मळ्यात मोटर व्यवस्थित चालायची आणि शेवटच्या मळ्यात, जिथे आमच्या आत्याचं घर होतं, तिथे जळायची. पहाटे चारला आत्याकडे बल्ब लख्ख असायचा. सहा वाजता वाटेतल्या सगळ्या मोटरी चालू झाल्या की त्याचा निखारा व्हायचा, तार तेवढी लाल दिसायची. आत्याच्या घरचा स्टॅबिलायझर रात्रभर खट् खट् आवाज करायचा. लहानपणी मला वाटायचं की गावाच्या टोकाची वीजच वेगळी असते, जुनी, वापरून झालेली. अप्पा मोटरचं कव्हर काढून जळक्या वार्निशचा वास घ्यायचे आणि विचारायचे, "किती खांब पुढं हाय तुमचं?" आधी कॉइल नाही बघायचे, आधी खांब मोजायचे.

आता त्यांनी वायर बघायला मागितली. टो बारच्या खाली उरलेला वीतभर तुकडा टेपने गुंडाळून ठेवलेला होता. तो कापून आणला. त्यांनी बॅगेतून मायक्रोमीटर काढला. बीपीच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी, मोज्यात गुंडाळून, मायक्रोमीटर. ऑस्ट्रेलियाला येताना तो का आणला, ते विचारलं नाही. मीही मसाल्याचा डबा घेऊनच विमानात बसले होते.

साल सोलली. आत बारीक तारांचा झुबका. "मोज," अप्पा म्हणाले. मी सव्वीस मोजल्या. "एक तार धर इथं." त्यांनी मायक्रोमीटर उघडून धरला आणि मी तार मधे सरकवायला गेले, तर ती बसेना. मला वाटलं माझाच हात हलतोय. मी दुसऱ्या हाताने आधार दिला, तरी तार जबड्यावर टकटक वाजत राहिली. मग दिसलं. हलत होता तो मायक्रोमीटर.

केसाएवढी तार बोटांवर घेऊन तिचा गेज सांगणारे हात ते. पन्नास-पन्नास वेढ्यांची कॉइल रेडिओ ऐकत गुंडाळणारे. दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल करत होतो, पावणेदोन वर्षं, एकही रविवार चुकला नव्हता. फोन देव्हाऱ्याशेजारच्या फळीला टेकवलेला असायचा. मला दिसायचा चेहरा, मागची भिंत, कॅलेंडर. "बरा हाय," ते म्हणायचे, आणि चेहरा बराच दिसायचा.

"आण, मी धरते," मी म्हणाले. त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. "वाच," ते म्हणाले.

"शून्य पॉइंट तीस."

"तीस आणि एकतीसच्या मधला गेज." हे त्यांनी न बघता सांगितलं. मग इंधनाच्या पावतीच्या मागे हिशेब. ०.३ चा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले २६. उत्तर आलं १.८४.

"चारची म्हणून दिली," अप्पा म्हणाले, "आणि आत दोनसुद्धा न्हाई."

मला ते शोधायला दहा मिनिटं लागली. फसवाफसवी नव्हती. आपल्याकडे दीड, अडीच, चार म्हणजे आतल्या तांब्याचा छेद, चौरस मिलिमीटर. इथे गाड्यांच्या वायरीवर ४ एमएम छापतात तेव्हा ती बाहेरून मोजलेली जाडी असते, प्लास्टिकच्या सालीसकट. ४ एमएममध्ये तांबं १.८४ चौरस मिमी, ६ एमएममध्ये ४.५९. अप्पांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते आधी रागावले आणि मग इतके हसले की शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या बाईंनी पडदा सारून बघितलं. "म्हणजे माणसाची छाती कोट घालून मोजायची!"

उरलेला हिशेब त्यांनी तोंडी केला. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत अकरा मीटर. जायचे अकरा, यायचे अकरा. लोक जायचेच मोजतात, येणारी वाट विसरतात, असं ते म्हणाले. बावीस मीटर असल्या तारेतून १२-१३ अँपिअर ओढले की अडीच व्होल्ट तारच खाणार. उरलेला सव्वा व्होल्ट फ्यूजचा गंजका होल्डर आणि सात पिनांचा तो चपटा प्लग.

मिल्डुऱ्याच्या बाजारात ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान सापडलं. आम्ही घेतली सहा बी अँड एस नावाची केबल, तिच्यात साडेतेरा चौरस मिलिमीटर तांबं असतं. या मापात आकडा वाढला की तार बारीक होते, हे कळल्यावर अप्पा खूश, कारण त्यांचं गेजही तसंच उलटं. शिवाय अँडरसन प्लग, करडा, पन्नास अँपिअरचा. त्याची दोन्ही अर्धुकं अगदी सारखी असतात, एक उलटं केलं की दुसऱ्यात बसतं. अप्पांनी ते चार-पाच वेळा लावून-काढून पाहिलं. "ह्यात नर-मादी न्हाई," ते म्हणाले. "हुशार मानूस हाय ज्यानं केलं तो."

इथे २४० व्होल्टला परवान्याशिवाय हात लावायचा नसतो, गॅसलाही नाही. १२ व्होल्टचं काम मात्र आपलं आपण करता येतं. मी चेसीखाली आडवी, अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. त्यांना प्रत्येक जोडाला सोल्डर हवं होतं. चाळीस वर्षांचा रिवाइंडर, त्याला तारेच्या टोकावर नुसता दाबून बसवलेला लग, ती धातूची टोपी, म्हणजे लग्नाशिवायचा संसार. मी म्हणत होते, गाडी हादरते, सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होऊन तुटते, चांगल्या पकडीने क्रिंप केलं तर तेच टिकतं. शेवटी शेजारच्या बाईंच्या नवऱ्याने षटकोनी क्रिंपर आणून दिला आणि माझ्या बाजूने मत दिलं. अप्पांनी तो लग दोन्ही हातांनी ओढून पाहिला. आला नाही. "बरं," ते म्हणाले.

बॅटरीजवळ तीसचा फ्यूज, आणि मधे रिले, म्हणजे इग्निशन बंद झालं की फ्रिजची वीज आपोआप तुटते. काही लोक याऐवजी व्होल्टेज ओळखणारा रिले घालतात, तो बॅटरी साधारण १३.३ च्या वर गेली की जोडतो आणि १२.८ च्या खाली आली की तोडतो. आमची यूट जुनी, तिची बॅटरी भरणारा ऑल्टरनेटर सरळमार्गी, सतत १३.८ देणारा. अलीकडच्या गाड्यांचा ऑल्टरनेटर शहाणा असतो. बॅटरी भरली की इंधन वाचवायला व्होल्टेज पार साडेबारापर्यंत उतरवतो, आणि मग तो बिचारा रिले गोंधळतो. तिथे व्होल्टेज चढवून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. तो विषय वेगळा, आणि खिशाला जड.

संध्याकाळी पाच वाजता इंजिन सुरू केलं, फ्रिज लावला. "भार हाय का?" अप्पांनी खुर्चीवरून विचारलं. हाय. मल्टीमीटर धरला. १३.०. अप्पांनी डोळे मिटून मान हलवली, वरचा सा नीट लागला की गवई हलवतो तशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना सायकी बेंडचा पंप दाखवायला नेलं. मूळच्या कॅनडाच्या, कॅलिफोर्नियाहून आलेल्या चॅफी बंधूंनी १८८७ साली मिल्डुऱ्याला पाणी आणायचं काम घेतलं, आणि जॉर्ज चॅफीच्या आराखड्यावरून बांधलेलं हे वाफेचं धूड १८९१ पासून १९५९ पर्यंत मरेचं पाणी उचलत होतं. त्या पाण्यावर द्राक्षं आली, द्राक्षांचे बेदाणे झाले. इथली सुलताना म्हणजे आपलीच थॉम्पसन सीडलेस, जिच्यातून आमच्या बोरगावची तास-ए-गणेश निवडली गेली. अप्पा जाळीवर वाळणारे बेदाणे बघून म्हणाले की आमच्याकडं मणी बुडवायचं जे पाणी करतात, तेल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं, त्याला मळेवाले ऑस्ट्रेलियन डिपच म्हणायचे, आणि मला वाटायचं उगाच भाव वाढवायला नाव लावलंय. ते खूप वेळ त्या पंपाच्या चाकापाशी उभे होते, हात मागे बांधून.

तिथून रेनमार्कला जाताना याम्बाच्या नाक्यावर फळमाशीची तपासणी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळं-फळभाज्या न्यायला बंदी, गाडीत सापडली तर दंड. मी संत्री, टोमॅटो आधीच संपवले होते, मिरच्या मात्र विसरले. नाक्याआधीच्या डब्यापाशी आठवलं आणि पावशेर हिरव्या मिरच्या टाकून द्याव्या लागल्या. "मिरची फळ कधीपास्नं झाली?" अप्पा विचारत राहिले. अधिकारी बाईंनी फ्रिज उघडून हात घातला. "वाह, छान गार आहे," त्या म्हणाल्या. मी अप्पांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या गावापर्यंत ते मिरच्यांबद्दल बोलले नाहीत.

ते मार्चमध्ये परत गेले. जाण्याआधी मी त्यांना मेलबर्नमध्ये डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू आहेत. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यात एक बदलली. आता दुकान भाच्याकडे आहे, अप्पा सकाळी जाऊन बसतात आणि येणाऱ्या माणसाला खांब विचारतात.

फ्रिजमध्ये मी एक छोटा व्होल्टमीटर बसवून घेतलाय, त्याचा आकडा दारातूनच दिसतो. मागे जाळीत एक पंखाही. परवा ईस्टरला बेनाल्लाच्या पुढे गेलो तर इडलीचं पीठ इतकं गार राहिलं की सकाळी ते उन्हात ठेवून जागं करावं लागलं.

रविवारी फोन येतो. आधी हवा, मग नातवाची शाळा, मग ते विचारतातच.

"किती दाखवतंय?"

"तेरा पॉइंट शून्य."

"भार टाकून?"

"टाकून."

मग मी म्हणते, अप्पा, चहा झाला का? माझ्यासमोर घ्या की. ते म्हणतात, झाला मगाशी. मी म्हणते, अजून अर्धा कप. या रविवारी ते जरा थांबले आणि फोन फळीवरून उचलला. पडद्यावर छताचा पंखा आला, कॅलेंडरचा कोपरा आला, पुन्हा पंखा. चेहरा दिसला नाही. बशीवर कप वाजताना ऐकू आला, आधी बराच वेळ, मग थोडा कमी.